पाहुण्यांसाठी विझवलेले दिवे

गावाला निघायच्या आदल्या दिवशी मी यादी करते. फाल्गुनातल्या त्या खानदेशच्या प्रवासाची यादी अजून माझ्या वहीत आहे : टाइपरायटर पेटीसह, लघुलेखनाच्या वह्या चार, कार्बन कागद, कराराच्या प्रती, सुती साड्या तीन, लिंबं, आणि कंदील. कंदील पाहून दातार साहेबांना हसू आलं.

"बाई, विजेच्या कंपनीचा तंटा पाहायला चाललो आहोत आपण."

"म्हणूनच घेतलाय, साहेब," मी म्हटलं.

दातार साहेब म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले मोठे इंजिनियर. मी त्यांची लघुलेखिका. निवृत्तीनंतर ते लवादाची कामं घेत. वाचकांपैकी पुष्कळांना लवाद म्हणजे काय ते ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. आपल्याकडच्या एखाद्या कंपनीनं परदेशातून यंत्र मागवलं आणि पुढे भांडण झालं, तर ते कोणत्या देशाच्या कोर्टात न्यायचं? तेव्हा करारातच लिहून ठेवतात, की दोघांनाही मान्य असलेला एक माणूस नेमायचा आणि तो देईल तो निवाडा दोघांनी पाळायचा. तो माणूस म्हणजे लवाद.

आमचं भांडण असं होतं. धुळे जिल्ह्यातल्या एका गावानं (लवादाचं काम खासगी असतं, म्हणून नाव लिहीत नाही) आपली छोटी वीज कंपनी काढली आणि एका जर्मन कारखान्याकडून तेलावर चालणारं इंजिन आणि डायनामो आणवला. करारात होतं, की गावातले सगळे दिवे एकदम लागले तरी इंजिन भार पेलेल. गाव म्हणे, पेलत नाही. सात वाजले की दिव्यांचे निखारे होतात. कारखाना म्हणे, इंजिन उत्तम आहे. तुमचा ड्रायव्हर अडाणी आहे. साहेबांनी ठरवलं, की कागद बास झाले, इंजिन डोळ्यांनी पाहायचं.

सकाळी मुंबईच्या गाडीनं जळगावला उतरलो. फलाटावर केळीचे घड वाळक्या पानांत गुंडाळून रचले होते आणि हमाल ते तान्ह्या मुलांसारखे उचलत होते. इथून सुरतेच्या बाजूची गाडी पकडायची होती. आमच्याच गाडीनं जर्मन कारखान्याचे इंजिनियर वेबर साहेब आले होते. उंच, उन्हानं लाल झालेले, हातात हत्यारांची पेटी. पंचाईत अशी झाली, की पुढच्या गाडीला वरच्या वर्गाचा डबा एकच. लवादानं एका पक्षाबरोबर बसून गप्पा मारणं बरं नव्हे. पण उभं तरी किती राहणार? साहेबांनी तोड काढली : बसायचं एकत्र, पण इंजिन, तेल, वीज हे शब्द काढायचे नाहीत. मग धरणगाव, अमळनेर, नरडाणा अशी स्टेशनं मागे टाकत दोघे मोठे इंजिनियर तीन तास केळी या एकाच विषयावर बोलत होते. वेबर साहेबांनी त्या वेळात नऊ खाल्ली. मी मोजली.

बाहेर काळी जमीन तडकलेली, कपाशी वेचून झालेली, शेतात नुसत्या पळकाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) उभ्या. दोंडाईच्याला उतरलो आणि पहिल्याच श्वासाला शिंकलो. स्टेशनाबाहेर मैदानभर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. वेबर साहेबांना इतक्या शिंका आल्या की एका हमालानं त्यांच्या डोक्यावरून हात ओवाळून बोटं मोडली.

वीज कंपनीचे अध्यक्ष नाना घ्यायला आले होते. धोतर, पांढरी टोपी, कापसाचा व्यापार. त्यांची मोटार होती, पण ती एका पक्षाची मोटार, म्हणून साहेबांनी नको म्हटलं. आम्ही सगळे भाड्याच्या सर्व्हिस मोटारीत दाटीवाटीनं बसलो. स्वतःची मोटार रिकामी मागे येतेय आणि आपण शेळ्यांच्या शेजारी बसलोय, याचं नानांना फार वाईट वाटत होतं.

मुक्काम डाकबंगल्यात. तिथे नवा पेच. जेवायचं कोणाचं? लवादानं कोणत्याही पक्षाचं अन्न घ्यायचं नाही, हा माझ्या दुसऱ्या, म्हणजे लवादानं पाळायच्या नियमांच्या, यादीतला पहिला नियम. आणि गावात ज्याच्या घरी वीज आहे तो प्रत्येकजण पक्षकार. मी चौकशी केली तेव्हा कळलं, डाकबंगल्याच्या रखवालदारानं वीज घेतलेली नाही. "आमले कंदील बरा," तो म्हणाला. मग त्याच्या बायकोनं रांधायचं, आम्ही दाम द्यायचे आणि वेबर साहेबांसह सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं, असं ठरलं. तिनं फुनके (भरड डाळीचे उकडलेले मुटके) आणि कढी केली होती, सोबत कळण्याची (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी आणि ठेचा. ठेचा वेबर साहेबांनी भाजी समजून चमचाभर घेतला. पुढची दहा मिनिटं लवादाचं काम तहकूब होतं.

दुपारी इंजिनघर पाहिलं. पत्र्याची शेड, शेजारी पाण्याचा हौद, आणि आत ते हिरवं धूड. इतकं स्वच्छ यंत्र मी कारखान्यांच्या चित्रांतसुद्धा पाहिलं नव्हतं. पितळ झळकत होतं, माथ्यावर कुंकवाचा टिळा होता, उंबऱ्यात रांगोळी. ड्रायव्हर धुडकूभाऊ पस्तिशीचा, किडकिडीत, नाकाशिवाय दुसरं काही नजरेत न भरणारा माणूस. पूर्वी जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात) इंजिनावर होता. त्यानं एक लाकडी काठी इंजिनाला टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले.

"काय ऐकतोस?" साहेबांनी विचारलं.

"आज खूश शे," तो म्हणाला. (आज खूश आहे.)

वेबर साहेबांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, हवा आत घेणाऱ्या जाळीत घालून फिरवला, तेलाच्या टाकीच्या खालून फिरवला, पाहिला, घडी करून पुन्हा खिशात ठेवला. धुडकूभाऊ त्या खिशाकडे पाहत राहिला.

बाहेर आल्यावर नानांनी मला बाजूला घेतलं. "बाई, हा निकाल विरुद्ध गेला तर एक गोष्ट पक्की. इंजिन चांगलं ठरलं म्हणजे ड्रायव्हर वाईट ठरला. मग मला धुडकूला काढावं लागेल. आमचे भागीदार ऐकायचे नाहीत."

"नाना, हे मला सांगू नका. मला कोणाही एका बाजूचं ऐकता येत नाही."

"तुम्हाला नाही सांगत. वाऱ्याला सांगतो," नाना म्हणाले.

चाचणी सात वाजता होती. करारानं चाचणी एकदाच. तिच्या नोंदीवर दोघांच्या सह्या व्हायच्या. पुन्हा घ्यायची तर दोघांची संमती हवी. गावातले सगळे पुरुष इंजिनघरापुढे जमले होते. अंधार पडला. धुडकूभाऊनं इंजिन चालवलं, फळ्यावरचा मोठा खटका ओढला, आणि पेठेतल्या दुकानांचे आणि रस्त्यावरचे दिवे असे लखकन लागले की लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही अर्धा तास थांबलो. दिवे तसेच. भाराचा काटा जेमतेम अर्ध्यापर्यंत गेला होता आणि तिथेच स्वस्थ बसला होता.

"गावाचा पूर्ण भार एवढाच?" साहेबांनी विचारलं.

नाना काट्यावर वाकले. "रोज तर पार कडेला जातो साहेब. आज काय झालं कळत नाही."

"सगळी जोडणी सुरू आहे?"

"तारा सगळ्या सुरू आहेत."

वेबर साहेब इंग्रजीत म्हणाले, "मग इंजिन पुरेसं आहे. पुरून उरेल इतकं." मी ते मराठीत सांगितलं. टाळ्या वाजवणारे हात खाली आले. आपण आपल्याच हरण्याला टाळ्या वाजवल्या, हे एकेकाच्या ध्यानात येत होतं. धुडकूभाऊचा चेहरा मात्र पाहवेना. त्याचं इंजिन आज कधी नव्हे इतकं सुरेख चाललं होतं. नोंदीवर सह्या झाल्या. मी शाई टिपली.

साहेब आणि वेबर साहेब पेठेतून डाकबंगल्याकडे गेले. मी कागद आवरून मागाहून निघाले, ती मागच्या गल्लीनं, कारण ती जवळची. आणि तिथे मला कंदील पेटवावा लागला. गल्ली पूर्ण काळोखात होती. आधी वाटलं, इकडे वीज नसेल. पण कंदील वर धरला तर घरोघरी तारा आत गेलेल्या दिसल्या. माझ्याकडे जोडणीची यादी होती. या गल्लीत सव्वीस घरं होती आणि एकाही घरात दिवा नव्हता.

एका ओट्यावर एक म्हातारी चिमणीच्या उजेडात मिरच्यांची देठं खुडत बसली होती. मी तिला अक्का म्हटलं; सगळेच तिला तसं म्हणतात, हे नंतर कळलं.

"अक्का, वीज गेली का तुमची?"

"नही वं माय. शे ना." (नाही गं बाई. आहे ना.)

"मग दिवा का नाही लावला?"

"पाव्हना उनात ना गावमा. इंजिननी फजिती व्हवाले नको, म्हनीसन बठ्ठासनी दिवा बंद ठेवात." (पाहुणे आलेत ना गावात. इंजिनाची फजिती व्हायला नको, म्हणून सगळ्यांनी दिवे बंद ठेवलेत.)

"सगळ्यांनी? कोणी सांगितलं?"

"मीच सांगं. सकाळले, इहिरवर." (मीच सांगितलं. सकाळी, विहिरीवर.) मग जरा अभिमानानं ती म्हणाली, "इंजिन मन्हा पोऱ्या चालाडस. धुडकू." (इंजिन माझा मुलगा चालवतो.)

पुरुषमंडळी इंजिनघरापुढे उभी, आणि गावच्या बायकांनी विहिरीवर ठरवून पाहुण्यांपुढे इंजिनाची लाज राखली होती. जिच्या मुलाची नोकरी जायची, तिनंच ती घालवायची तजवीज केली होती. आणि मला तिला हे सांगता येत नव्हतं. लवादाच्या माणसानं पक्षकाराला सल्ला द्यायचा नसतो.

मी निघाले तशी तिनं मूठभर मिरच्या पुढे केल्या. "ले. मुंबईले असा नही भेटाव." (घे. मुंबईला अशा नाही मिळायच्या.)

"निवाडा होईपर्यंत मला काही घेता येत नाही, अक्का."

"मिरच्यासनं बी पाप लागस का?" (मिरच्यांचंही पाप लागतं का?) तिनं विचारलं आणि रागानं मूठ पुन्हा सुपात सोडली.

डाकबंगल्यावर पोचताच मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, हे मला एकट्याला कळून उपयोग नाही. जे मला कळलं ते दोघांनाही कळलं पाहिजे. आणि चाचणी पुन्हा घ्यायची तर वेबरनी हो म्हटलं पाहिजे. ते का म्हणतील? सही झाली आहे. ते जिंकले आहेत."

सकाळी डाकबंगल्याच्या व्हरांड्यात बैठक भरली. मी काय पाहिलं ते सांगितलं. नानांनी कपाळावर हात मारला. अक्काला बोलावणं गेलं. ती नवं लुगडं नेसून आली आणि खुर्ची दिली तरी जमिनीवर बसली. धुडकूभाऊ दाराशी उभा होता.

"काय हाई, माय!" (काय हे, आई!) तो म्हणाला.

"अक्का, गावाचं गाऱ्हाणंच होतं की दिवे नीट लागत नाहीत," साहेब म्हणाले. "मग तेच तुम्ही झाकलंत?"

"घरमा पाव्हना उना का आपन फाटेल गोधडी कोपरामा सारी देतस ना? तसंच शे हाई." (घरी पाहुणा आला की आपण फाटकी गोधडी कोपऱ्यात सारतो ना? तसंच हे.)

मी ते वेबर साहेबांना इंग्रजीत सांगितलं. गोधडीला इंग्रजी शब्द सापडेना, म्हणून हातानं शिवून दाखवली. ते ऐकून त्यांनी माझ्यामार्फत तिला विचारलं, "पण मी तर तुमच्या विरुद्ध बाजूचा. माझ्यासमोर कसली लाज?"

अक्कानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू इतका मोठा माणूस आणि इतकंही कळत नाही. "तू बी पाव्हनाच शे ना, भाऊ. इंजिन तुन्हा गावनं शे. फजिती तुन्ही बी व्हतीच ना?" (तूही पाहुणाच ना. इंजिन तुझ्या गावचं. फजिती तुझीही झाली असती ना?)

हे मी शब्दशः सांगितलं. वेबर साहेब आधी हसले. मग हसायचे थांबले. मी पेन्सिल कागदाला लावून थांबले होते.

"माझ्या कारखान्यानं मला इंजिन पाहायला पाठवलंय," ते म्हणाले. "अर्धं गाव अंधारात बसलं असताना ते कसं चालतं, हे पाहायला नाही. आज संध्याकाळी पुन्हा घ्या."

मी संमती टाइप केली. त्यांनी सही केली. धुडकूभाऊ केव्हाच इंजिनघराकडे निघून गेला होता.

पण खरं काम पुढेच होतं. दिवे लावायला बायका तयार होईनात. एक म्हणे बल्ब गेला, दुसरी म्हणे खटका सापडत नाही. साहेब इंजिनघरात काट्यापाशी बसले आणि मी यादी घेऊन गल्लोगल्ली निघाले. बरोबर दोन्ही पक्ष : एका बाजूला नाना, दुसऱ्या बाजूला वेबर साहेब. घर आलं की नाना हाक मारायचे, दिवा लागायचा, मी खूण करायची. पहिल्या आळीत दिवे पांढरे होते. दुसऱ्या आळीत पिवळे झाले. मागची गल्ली निम्मी झाली तोवर सगळ्या गावाचे दिवे मंदावले आणि दूर इंजिनाचा आवाज बदलला. चढावर बैल धापा टाकतो तसा.

शेवटचं घर अक्काचं. ती खटक्याखाली पाठ करून बसली होती.

"मी नही लावाव," ती म्हणाली. "मन्हा पोऱ्यानी फजिती मन्हा हातवरी नही." (मी नाही लावणार. माझ्या पोराची फजिती माझ्या हातून नाही.)

नानांनी समजावलं. उपयोग नाही. यादीत एक घर मोकळं ठेवून चाचणी पुरी होत नव्हती, आणि मला तिला 'लाव' म्हणायचा अधिकार नव्हता. तेव्हा वेबर साहेब ओट्यावर चढले. दाराची चौकट त्यांना ठेंगणी, म्हणून वाकले. आणि वाकलेच होते म्हणून की काय, त्यांनी हातही जोडले.

"अक्का," ते म्हणाले. दिवसभरात त्यांना आलेला तो एकच शब्द.

म्हातारी उठली. खटका खाली केला. वरच्या दिव्यात एक लाल केसासारखी तार दिसली, बस.

"देखा?" ती म्हणाली. "व्हयनं समाधान?" (पाहिलंत? झालं समाधान?)

आम्ही इंजिनघराकडे गेलो. काटा कडेला टेकला होता. धुडकूभाऊ घामानं निथळत होता. एक हात तेलाच्या कळीवर, काठी कानाला. वेबर साहेबांनी स्वतः सगळं तपासलं, कळ स्वतः फिरवून पाहिली, इंजिनातून आणखी काही निघेना. शेवटी त्यांनी खिशातला कालचा रुमाल काढून साहेबांपुढे मेजावर उलगडला. तो पांढराच होता.

"ड्रायव्हरविरुद्धचं म्हणणं मी मागे घेतो," ते म्हणाले. "या माणसानं आहे तेवढं सगळं या इंजिनातून काढलंय. आम्ही त्याची ताकद आमच्या थंडीत मोजली होती. इथल्या उन्हात आणि कापसाच्या धुळीत ते तेवढं देत नाही."

मी ते मराठीत सांगितलं, जरा मोठ्यानं. धुडकूभाऊनं काठी खाली ठेवली, इंजिनाला हात लावून तोच हात कपाळाला लावला, आणि वेबर साहेबांना विचारलं, "आते बंद करू? थकनं ते." (आता बंद करू? थकलंय ते.)

दुसऱ्या दिवशी परतलो. अक्का मोटारीपाशी आली होती, पण माझ्याशी बोलली नाही. मिरच्यांचा राग गेला नव्हता. दोंडाईच्याला वेबर साहेबांनी शिंकण्याआधीच नाकाला रुमाल लावला. गाडीत पुन्हा तोच डबा, तोच नियम, पुन्हा केळी.

साहेबांनी निवाडा महिन्याभरात लिहिला. मी टाइप केला. त्यात काय होतं ते सांगणं माझ्या कामात बसत नाही. एवढं सांगते, की साहेबांनी कितीतरी निवाडे दिले, पण ड्रायव्हरच्या कामाबद्दल स्वतंत्र परिच्छेद असलेला तो एकच. मी कित्येक बंदरांच्या आणि कोळशाच्या खाणींच्या भांडणांचे कागद टाइप केले आहेत. त्यांत माणसं आपलं खरं झाकतात ती दुसऱ्याला बुडवायला. समोरच्याची लाज राहावी म्हणून स्वतःचं खरं झाकणारं गाव मी एवढंच पाहिलं.

दिवाळीच्या सुमारास घरी एक पार्सल आलं, गोणपाटात शिवलेलं. पोस्टमन ते हातभर लांब धरून उभा होता आणि शिंकत होता. आत लाल मिरच्या होत्या, आणि नानांचं पत्र. दुसरं इंजिन आलं, पहिल्याच्या शेजारी बसवलं, धुडकूनं दोघांनाही टिळा लावला, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली अक्काचा निरोप होता, तिच्याच शब्दांत :

"निवाडा व्हयना. आते मिरच्या ले. आनि एकदाव ये. आते पाव्हना उनात तरी आमी दिवा लावतस." (निवाडा झाला. आता मिरच्या घे. आणि एकदा ये. आता पाहुणे आले तरी आम्ही दिवा लावतो.)